स्टुटगार्टला राहायला येताय? पहिल्या वर्षाची वाट, पायरी पायरीने

महाराष्ट्रातून जर्मनीत येणारे म्हटले की पूर्वी विद्यार्थी आणि आयटीवालेच डोळ्यांसमोर यायचे. आता नर्स, इलेक्ट्रिशियन, ड्रायव्हर, हॉटेलात काम करणारेही चौकशी करू लागलेत. २०२४ च्या फेब्रुवारीत महाराष्ट्र सरकार आणि बाडेन-व्युर्टेम्बर्ग या जर्मन राज्यात कुशल मनुष्यबळाचा करार झाला. स्टुटगार्ट ही त्या राज्याची राजधानी, आणि मुंबईचं ते १९६८ पासूनचं भगिनी-शहर. हा लेख अशा नव्याने येणाऱ्यांसाठी आहे. उदाहरणं स्टुटगार्टकडची असली तरी बहुतेक गोष्टी जर्मनीत कुठेही लागू पडतील.

व्हिसा, पगार आणि भाषेची परीक्षा यांबद्दल सांगणारे पुष्कळ भेटतात. घरातलं आणि रस्त्यावरचं रोजचं जगणं कसं बदलतं, ते मात्र इथे आल्यावरच कळतं. माझ्या मते सगळ्यांत मोठा फरक थंडीचा नाही, जेवणाचाही नाही. आपल्याकडे निम्मी कामं विचारून होतात: वॉचमनला विचारा, शेजारच्या काकूंना विचारा, दुकानदाराला विचारा. इथे तीच कामं कागदावर होतात आणि आधी वेळ ठरवून होतात. त्यामुळे ओळख नसलेल्या माणसाचंही काम अडत नाही, पण कागद न वाचणाऱ्याचं नक्की अडतं.

पायरी १: बॅग भरताना

आई तूप, पेढे आणि लोणी देणार हे ठरलेलं. ते घरीच राहू द्या. युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशाला दूध आणि मांस यांपासून केलेले पदार्थ आणायला मनाई आहे. हापूस आणि ताजा कढीपत्ताही रोपांच्या आरोग्य-प्रमाणपत्राशिवाय आणता येत नाही. ज्या मोजक्या फळांना हे प्रमाणपत्र लागत नाही त्यांत नारळ आणि केळं आहे. गोडा मसाला, कांदालसूण मसाला, भाजणी, मेतकूट, पोहे, कोकम खुशाल आणा. डाळी-तांदूळ उगाच आणू नका. इथली भारतीय आणि तुर्की दुकानं त्यासाठी पुरेशी आहेत.

नेहमीची औषधं असतील तर तीन महिन्यांपर्यंत पुरतील एवढी, मूळ वेष्टनात आणि डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसह आणा. कुकर घेणार असाल तर त्याचा तळ इंडक्शनवर चालणारा हवा. वीजदाब आपल्यासारखाच असल्याने मिक्सर चालतो, मात्र आपला तीन पिनांचा प्लग इथल्या सॉकेटमध्ये जात नाही. अॅडॉप्टर घेताना तो मिक्सरचा भार पेलेल असा जाड बघून घ्या.

एक खास आपला मुद्दा नावाचा. मराठी पासपोर्टवर बहुधा स्वतःचं आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव एका रकान्यात आणि आडनाव दुसऱ्यात असतं. जर्मन कचेरी पहिल्या रकान्यातलं सगळं तुमचंच पहिलं नाव धरते. म्हणून करारपत्र, बँक, विमा आणि तिकीट सगळीकडे पासपोर्टवरचंच पूर्ण नाव, त्याच स्पेलिंगने लिहा. एका ठिकाणी मधलं नाव गाळलं की पुढे दोन कागद एकाच माणसाचे आहेत हे पटवत बसावं लागतं.

पायरी २: पहिल्या दोन आठवड्यांत नोंदणी

घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत पत्त्याची नोंदणी करायची असते. तिला आनमेल्डुंग म्हणतात आणि स्टुटगार्टमध्ये ती ब्युर्गरब्युरो या कचेरीत होते. सोबत पासपोर्ट आणि घरमालकाने सही केलेलं पत्र लागतं. त्या पत्राचं नाव वोनुंग्सगेबरबेश्टेटिगुंग. नुसता भाडेकरार दाखवून चालत नाही, तेव्हा किल्ल्या घेतानाच हे पत्र मागून घ्या. वेळ, म्हणजे टर्मीन, लवकर मिळत नसेल तर रोज सकाळी संकेतस्थळ उघडून बघा, रद्द झालेल्या वेळा तिथे पुन्हा दिसतात. टर्मीन मागितल्याचा पुरावा जपून ठेवा.

अर्जात धर्म विचारतात. कोणाला हे खटकतं, पण कारण कराचं आहे. कॅथलिक किंवा प्रोटेस्टंट चर्चचे सदस्य असणाऱ्यांकडून आयकरावर चर्च-कर घेतला जातो, या राज्यात तो आयकराच्या ८ टक्के आहे. वसई किंवा गोव्याकडच्या ख्रिस्ती मंडळींनी हे आधीच समजून घ्यावं. हिंदू, बौद्ध किंवा मुसलमान व्यक्तीला हा कर लागत नाही.

नोंदणी झाली की काही आठवड्यांत ११ आकडी कर-क्रमांक टपालाने येतो. तो नोकरीच्या ठिकाणी द्या. त्यावाचून पगारातून जास्तीत जास्त दराने कर कापला जाऊ शकतो.

पायरी ३: पत्रपेटी

ही पायरी मी मुद्दाम वेगळी काढली, कारण इतर कुठल्याही गोष्टीपेक्षा नवखे लोक इथे जास्त अडकतात.

पत्रपेटीवर आणि दारावरच्या बेलवर तुमचं आडनाव पहिल्याच दिवशी चिकटवा. इथल्या इमारतींत सहसा फ्लॅट क्रमांक नसतात. पोस्टमन नाव बघून पत्र टाकतो. नाव नसेल तर पत्र परत जातं, आणि त्या पत्रात बँकेचं कार्ड, दुसऱ्या पाकिटात त्याचा पिन, विम्याचं कार्ड किंवा तो कर-क्रमांक असतो. मित्राकडे तात्पुरते राहत असाल तर त्याच्या पेटीवर तुमचंही नाव लावा.

पेटी रोज उघडा. आलेल्या प्रत्येक पत्रात तीन गोष्टी शोधा: कोणी पाठवलं, काय मागितलंय, कधीपर्यंत. शेवटच्या तारखेला फ्रिस्ट म्हणतात. भाषा येत नसेल तर फोनने भाषांतर करा, तरी नाही कळलं तर कोणाला तरी त्याच आठवड्यात दाखवा. पिवळ्या पाकिटाला सगळ्यांत आधी हात घाला. ते सरकारी किंवा न्यायालयीन पत्र असतं, पोस्टमनने वर तारीख लिहिलेली असते आणि मुदत त्या तारखेपासून मोजतात. पाकीट फेकू नका.

पहिल्या काही महिन्यांत नभोवाणी-दूरचित्रवाणीच्या शुल्काचं, म्हणजे रुंडफुंकबायट्रागचं पत्र येतं. घरात टीव्ही नाही, म्हणून ते जाहिरातीसारखं बाजूला टाकू नका. ते महिन्याला १८.३६ युरो आहे आणि प्रत्येक घरामागे द्यावंच लागतं. एका घरात तिघे मित्र राहत असतील तर एकानेच भरायचं, बाकीच्यांनी उत्तरात त्याचा शुल्क-क्रमांक कळवायचा.

मोबाइल, इंटरनेट, जिम यांचे करार दोन वर्षांपर्यंतचे असू शकतात. वापर बंद केला म्हणून करार संपत नाही. लेखी रद्द करावा लागतो आणि रद्द झाल्याचं उत्तर जपून ठेवावं लागतं. आता ऑनलाइन करारांना संकेतस्थळावरच रद्द करण्याचं बटण ठेवणं बंधनकारक आहे, त्यामुळे हे काम पूर्वीपेक्षा सोपं झालंय.

फोनवर बोलून ठरलेलंही संध्याकाळी दोन ओळींच्या ईमेलने पक्कं करून घ्या. इथे त्यात अविश्वास दिसत नाही, नीटनेटकेपणा दिसतो.

पायरी ४: घर घेताना

जाहिरातीत दोन भाडी दिसतील. काल्टमीटे म्हणजे नुसतं घराचं भाडं, वार्ममीटे म्हणजे त्यात हीटिंग, पाणी, कचरा, जिन्याची वीज वगैरे धरून. घरातली वीज आणि इंटरनेट बहुधा वेगळं. वरखर्चाची रक्कम अंदाजाने घेतलेली असते आणि वर्षातून एकदा हिशेब येतो. हीटर जास्त चालवला असेल तर वरचे पैसे भरावे लागतात. पहिल्या हिवाळ्यासाठी थोडे पैसे बाजूला ठेवाच.

अनामत जास्तीत जास्त तीन काल्टमीटे इतकी घेता येते आणि ती तीन मासिक हप्त्यांत देण्याचा हक्क कायद्याने तुम्हाला आहे. घर न बघता, किल्ली हातात न येता पैसे पाठवू नका. "मी परदेशात आहे, किल्ली कुरिअरने पाठवतो" असं कोणी म्हणालं की तिथेच थांबा.

रिकामं घर इथे खरोखर रिकामं असतं. ओटा नाही, सिंक नाही, छताला दिव्याऐवजी दोन वायरी. स्वयंपाकघर आहे की नाही हे करारात वाचा. नसेल तर त्याचा खर्च मोठा आहे. आधीच्या भाडेकरूकडून जुनं स्वयंपाकघर विकत घ्यायची पद्धत आहे, आणि नवख्याला तीच परवडते. किल्ल्या घेताना भिंतीवरचे ओरखडे, फरशीवरचे डाग यांचे फोटो काढा आणि ताबा-नोंदीत लिहून घ्या.

मग राहण्याच्या सवयी. न्हाणीघरात बहुतेक ठिकाणी शॉवरपुरताच निचरा असतो. बाहेरच्या फरशीला पाणी जायला वाट नसते, त्यामुळे बादली ओतून बाथरूम धुवायचं नाही, खाली पाणी झिरपलं तर भरपाई तुमच्या गळ्यात. तळणीचं तेल सिंकमध्ये ओतू नका. गार करून बाटलीत भरा आणि सुक्या-ओल्यात न बसणाऱ्या उरल्यासुरल्या कचऱ्यात टाका. फोडणी करताना खिडकी उघडी आणि बाहेरचं दार बंद ठेवा. घरोघरी धुराचे अलार्म सक्तीचे आहेत, आणि मिरचीच्या ठसक्याचा धूर जिन्यात गेला तर शेजारी काळजीने बाहेर येतात.

थंडीत आपण खिडक्या घट्ट लावतो. इथे नेमकं उलटं करायचं: हीटर बंद करून दिवसातून दोन-तीनदा पाच-दहा मिनिटं सगळ्या खिडक्या सताड उघडायच्या. याला ल्युफ्टन म्हणतात. स्वयंपाक, अंघोळ आणि खोलीत वाळत घातलेले कपडे यांची वाफ थंड भिंतीवर बसते आणि काळी बुरशी धरते. भाडेकरू आणि मालक यांच्यातली बरीच भांडणं या बुरशीवरून होतात. भाडेकरारात ल्युफ्टनबद्दल वेगळा परिच्छेद दिसला तर नवल वाटू देऊ नका.

घराची किल्ली हा महागडा ऐवज आहे. एकाच किल्लीने इमारतीचं दार आणि तुमचं घर उघडत असेल, तर ती हरवल्यावर सगळ्या इमारतीची कुलपं बदलायचा खर्च येऊ शकतो. हाफ्टफ्लिश्ट नावाचा दायित्व-विमा स्वस्तात मिळतो. घेताना त्यात भाड्याच्या घराच्या किल्ल्या धरल्यात का ते बघा. जास्तीची किल्ली विश्वासाच्या माणसाकडे ठेवा, म्हणजे दार मागे बंद झालं तर रात्री महागडा कुलूपवाला बोलवायला नको.

पायरी ५: जिन्याची पाळी, कचरा आणि आवाज

श्वाबियाचा, म्हणजे स्टुटगार्टच्या आसपासच्या भागाचा, स्वतःचा रिवाज म्हणजे केअरवोखे. एका आठवड्याच्या शेवटी तुमच्या दाराच्या मुठीला पाटी लटकलेली दिसेल. याचा अर्थ जिना झाडून-पुसून घ्यायची पाळी तुमची. छोट्या पाळीत आपल्या मजल्याचा जिना असतो. मोठ्या पाळीत तळघर, अंगण, फुटपाथ, आणि हिवाळ्यात सकाळी कामावर जाण्याआधी बर्फ बाजूला करणंही. या रिवाजाची मुळं १४९२ च्या शहर-नियमांपर्यंत नेऊन दाखवतात. आता शहराचा नियम नाही, पण भाडेकरारात तो असतोच, आणि शेजारी तुम्हाला पहिल्यांदा पारखतात ते इथे. आपल्याकडे जिना पुसायला बाई येतात, इथे बँकेतला अधिकारीही स्वतः पुसतो. मला ही पद्धत मनापासून आवडते. पाळी झाली की पाटी पुढच्या दारावर लावून यायची.

कचऱ्याचे डबे वेगळे: कागद, ओला कचरा, पॅकिंगचं प्लास्टिक आणि पत्रा, आणि उरलेला. रंग गावागणिक बदलतात, म्हणून झाकणावरची चिठ्ठी वाचा. कोणता डबा कोणत्या दिवशी उचलणार याचं वार्षिक वेळापत्रक मिळतं. काचेच्या बाटल्या-बरण्या रस्त्यावरच्या मोठ्या पेट्यांत पांढरी, तपकिरी, हिरवी अशा वेगळ्या करून टाकतात, तेही रविवारी किंवा रात्री नाही, कारण आवाज होतो.

शांततेची वेळ रात्री दहा ते सकाळी सहा आणि रविवारचा पूर्ण दिवस. या वेळात ड्रिल नाही, व्हॅक्यूम नाही, वॉशिंग मशीनही शक्यतो नाही. इडलीचं पीठ वाटायचं असेल तर शनिवारी दुपारी वाटा. घरी सत्यनारायण किंवा गणपतीची आरती ठरवली असेल तर जिन्यात चिठ्ठी लावा: अमुक दिवशी, अमुक वेळेत पाहुणे आहेत, थोडा आवाज होईल. आधी सांगितलेलं लोक समजून घेतात. प्रसादाच्या दोन वाट्या पोचल्या तर आणखीच.

पायरी ६: शनिवारी सामान भरा

रविवारी आणि सार्वजनिक सुट्टीला दुकानं बंद. मोठ्या रेल्वे स्टेशनांतली काही दुकानं, पेट्रोल पंप आणि काही तासांपुरत्या बेकऱ्या एवढंच उघडं. ईस्टरला शुक्रवार, रविवार आणि सोमवार बंद असतात, मधल्या शनिवारी सगळं गाव दुकानात. नाताळात २५ आणि २६ डिसेंबर बंद, २४ ला अर्धा दिवस. हे कॅलेंडरमध्ये आत्ताच लिहून ठेवा.

पिशव्या घरून न्या. ट्रॉलीसाठी ५० सेंट किंवा १ युरोचं नाणं लागतं. काउंटरवरचा माणूस झरझर वस्तू सरकवतो आणि भरायचं आपल्यालाच असतं. घाबरून जाऊ नका, सगळं ट्रॉलीत ढकला आणि बाजूला जाऊन नीट लावा. पाण्याच्या किंवा कोल्ड्रिंकच्या बाटलीवर अनामत असते: एकदाच वापरायच्या बाटली-डब्याला २५ सेंट, पुन्हा भरायच्या बाटल्यांना बहुधा ८ किंवा १५. बाटली न चेपता दुकानातल्या यंत्रात टाका, चिठ्ठी घ्या, काउंटरवर द्या. नळाचं पाणी मात्र पिण्याजोगं आहे, घरी बाटल्या आणायची गरजच नाही.

मराठी स्वयंपाकाला इथला सुपरमार्केट बराच साथ देतो. क्वार्क नावाचा पदार्थ चक्क्याच्या इतका जवळचा आहे की फडक्यात थोडा टांगून ठेवला की श्रीखंड होतं. बुटरश्माल्ट्स म्हणजे कढवलेलं लोणी, वरणभातावर चालतं. चांगल्या लोण्याचं घरी तूप कढवलंत तर आणखी उत्तम. रव्याला ग्रीस म्हणतात. पोळ्यांसाठी भारतीय दुकानातला आटाच घ्या, इथला पांढरा ४०५ नंबरचा मैदा पोळीला उपयोगाचा नाही. भेंडी, कोथिंबीर आणि पुदिना तुर्की दुकानात ताजा मिळतो.

थोडी रोकड जवळ असू द्या, लहान बेकरीत किंवा आठवडी बाजारात कार्ड चालेलच असं नाही. आणि बिल वाचताना लक्षात ठेवा, इथे पूर्णांकानंतर स्वल्पविराम येतो आणि हजारानंतर टिंब.

पायरी ७: रस्ता

मेट्रो-लोकलला फाटक नाही, कोणी अडवत नाही, पण तपासनीस कधीही येतो आणि तिकीट नसल्यास ६० युरो दंड. छापील तिकिटावर शिक्का मारायचं राहिलं तरी तोच दंड. रोज प्रवास असेल तर डॉइचलांडटिकेट घ्या. जानेवारी २०२६ पासून ते महिन्याला ६३ युरो आहे, देशभरच्या लोकल, बस, ट्राम आणि प्रादेशिक गाड्यांत चालतं, वेगवान आयसीई-आयसी गाड्यांत नाही. बंद करायचं असेल तर त्या महिन्याच्या १० तारखेपर्यंत कळवावं लागतं.

वाहनं उजवीकडून चालतात, म्हणून रस्ता ओलांडताना आधी डावीकडे बघा. फुटपाथवर सायकलसाठी वेगळा पट्टा असतो, त्यावर उभं राहू नका. लाल दिव्याला रस्ता रिकामा असला तरी थांबा, विशेषतः जवळ लहान मूल असेल तेव्हा.

भारतीय परवान्यावर इथे राहायला आल्यापासून सहा महिने गाडी चालवता येते, सोबत मान्य भाषांतर किंवा आंतरराष्ट्रीय परवाना हवा. त्यानंतर लेखी आणि प्रत्यक्ष दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात. पुण्यात वीस वर्षं गाडी चालवलेल्यांनाही इथल्या शिक्षकाकडे काही तास घेणं भागच आहे, कारण पाटी नसलेल्या चौकात उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ देण्यासारखे नियम अंगवळणी पडायला वेळ लागतो.

पायरी ८: आजारी पडण्याआधी

बरे असतानाच घराजवळचा हाउसआर्ट्स्ट, म्हणजे फॅमिली डॉक्टर, शोधा. बरेच दवाखाने नवे रुग्ण घेत नाहीत, तेव्हा तापात फोनाफोनी करण्यापेक्षा पहिल्याच महिन्यात नाव नोंदवा. साध्या सर्दीतापाला डॉक्टर विश्रांती आणि गरम चहा सांगतील, अँटिबायोटिक सहसा देणार नाहीत. आपल्याला हे उपचार न केल्यासारखं वाटतं, तसं नाही. क्रोसिनसारखं साधं पॅरासिटामॉलही सुपरमार्केटात मिळत नाही, आपोटेके या औषधाच्या दुकानातच मिळतं. घरात एक पाकीट ठेवा.

जिवावरचं असेल तर ११२, पोलीस ११०. दवाखाना बंद असताना डॉक्टर हवा, पण प्रकृती धोक्यात नाही, तर ११६११७. हे तीन आकडे फ्रिजवर लावा.

कामावर जाता येत नसेल तर कामाची वेळ सुरू होण्याआधी कळवा. आजार तीन दिवसांपेक्षा लांबला तर डॉक्टरांचं प्रमाणपत्र लागतं; काही करारांत पहिल्याच दिवशी मागतात. आजारी असताना ऑफिसला जाणं इथे निष्ठेचं लक्षण मानत नाहीत, इतरांना आजारी पाडणं मानतात.

पायरी ९: माणसं

जिन्यात, लिफ्टमध्ये, डॉक्टरकडच्या बाकावर बसताना "ग्र्युस गॉट" किंवा "हालो" म्हणा. अनोळखी मोठ्या माणसाला 'झी' म्हणजे अहो-जाहो म्हणायचं, 'डू' म्हणजे अरे-तुरे त्यांनी सुचवल्यावरच. न कळवता कोणाच्या घरी जाऊ नका. भेटीची वेळ 'हाल्ब ड्राय' सांगितली तर ती अडीच आहे, साडेतीन नाही. वाढदिवसाच्या शुभेच्छा आदल्या दिवशी देऊ नका, इथे ते अशुभ मानतात. आणि तुमच्या वाढदिवसाला ऑफिसात केक तुम्हीच न्यायचा.

आपलं "बघू", "हो हो, करतो" इथे जपून वापरा. समोरचा ते दिलेला शब्द समजतो आणि त्या दिवशी वाट बघतो. जमणार नसेल तर सरळ "नाही" म्हणा, कोणी राग धरत नाही. त्यांचं "नाही"ही तसंच घ्या. पहिल्या महिन्यांत ते टोचतं, पण त्यात मनात ठेवलेलं काही नसतं.

ओळखी व्हायला वेळ लागतो, त्या ठरलेल्या जागी होतात: फोल्क्सहोखशूले म्हणजे लोकविद्यालयातला भाषेचा वर्ग, खेळाचा क्लब, गायनाचा गट. आठवड्याचा एक वार धरा आणि चुकवू नका. मराठी मंडळांत जरूर जा, गणपतीत आणि दिवाळीत मन हलकं होतं, पण फक्त तिथेच थांबू नका. कामाची जर्मन वर्गात येते, शेजारची श्वेबिश बोली मात्र माणसांत बसल्यावरच कानात शिरते.

पायरी १०: आई-बाबा येणार असतील तर

शेंगेन व्हिसावर त्यांना १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येतं आणि किमान ३०,००० युरोचा प्रवासी आरोग्य-विमा लागतो. खर्च तुम्ही उचलणार असाल तर परदेशी नागरिकांच्या कचेरीतून हमीपत्र काढावं लागतं. तिथेही टर्मीन, म्हणून तीन-चार महिने आधी सुरुवात करा. बोलवायचं ते मे ते सप्टेंबरमध्ये. डिसेंबरात साडेचारच्या सुमाराला अंधार पडतो, आणि दिवसभर घरात एकटं बसून त्यांचं मन रमत नाही.

त्यांच्या खिशात तुमचा पत्ता आणि फोन जर्मनमध्ये लिहिलेली चिठ्ठी द्या. दार मागे आपोआप बंद होतं हे पहिल्याच दिवशी दाखवा. बसचा एकच मार्ग, घर ते बाजार किंवा घर ते बाग, त्यांच्यासोबत दोनदा करा आणि तिसऱ्यांदा त्यांना एकटं जाऊ द्या. उन्हाळ्यात घड्याळ भारताच्या साडेतीन तास मागे असतं आणि हिवाळ्यात साडेचार. बीपीच्या गोळ्यांच्या वेळा डॉक्टरांना विचारून त्याप्रमाणे बदलून घ्या. खाली उतरून शेजाऱ्यांशी त्यांची ओळख करून द्या, आणि त्या आठवड्यात केअरवोखेची पाटी तुमच्या दारावर असेल तर आईला झाडू घेऊ देऊ नका, ती घेणारच.